बगळ्याच्या दोराचं दुसरं टोक

धोंडाताईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. आधी पाणी. नळ गल्लीच्या तोंडाशी होता आणि उजाडायच्या आत बंद व्हायचा. भरलेल्या दोन बादल्या घेऊन ती तीन मजले चढायची. मग धाकट्या भावाला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायची, त्याच्या मांडीच्या टोकाची पट्टी सोडायची, जखम धुवायची, दुसरी पट्टी बांधायची. मग पावाची रांग. नाटकगृहात ती दहाच्या आत हजर असे. तोवर एखाद्याच्या दिवसभराचं काम तिच्या अंगातून निघून गेलेलं असायचं, पण ते ती कामात धरत नसे. ज्याचा पगार मिळतो ते काम, बाकीचं घरचं, असं तिचं म्हणणं.

मी त्याच नाटकगृहात पडदे ओढायचो. एका डोळ्याने अधू म्हणून लढाईच्या भरतीत मला घेतलं नाही. ज्यांनी त्या वर्षीचं ते नाटक पाहिलं त्यांना बगळा आठवतो. आता म्हातारी झालेली माणसं अजून मला विचारतात, तो बगळा उडायचा कसा. दोराच्या दुसऱ्या टोकाला एक बाई होती, असं मी सांगतो. त्यांना पटत नाही. यंत्र असेल, म्हणतात. यंत्र नव्हतं. म्हणून हे लिहितो.

ती मूळची विटा वाहणारी. भाऊ गवंडी. दोघं जोडीने कामं घ्यायची. ती डोक्यावर विटा घेऊन शिडी चढायची, तो वर भिंत उभी करायचा. तिचा नवरा लढाईच्या पहिल्याच थंडीत गेला. त्याविषयी ती बोलत नसे आणि आम्ही विचारत नसू. पुढे बांधकामं थांबली, पडलेली घरं उपसायचं काम तेवढं राहिलं. भाऊ त्या कामावर गेला आणि अर्धी उभी राहिलेली एक भिंत त्याच्यावर आली. डावा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. सैनिकाचा पाय गेला तर सरकार लाकडाचा पाय द्यायचं. ढिगारा उपसणाऱ्या गवंड्याला द्यायचं नाही, त्याने विकत घ्यायचा. नदीपलीकडे पाय करणारा एक कारागीर होता. त्याने माप घेतलं, किंमत सांगितली आणि म्हणाला, "सगळे पैसे आणाल त्या दिवशी लाकडाला हात लावीन."

त्या दिवसापासून धोंडाताईच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पाय आला की भाऊ उभा राहील. उभा राहिला की परांचीवर चढेल. लढाई कधीतरी संपेलच, आणि संपली की गावभर भिंतीच भिंती बांधायच्या आहेत. भाऊ थट्टा करायचा, "एका अर्थी बरं आहे ताई. मोजा एकच लागतो."

"दोन विणणार आहे मी," ती म्हणायची. "लाकडाला थंडी वाजते का नाही ते तू मला मग सांग."

नाटकगृहाला बाई हवी आहे, अंगाने भरलेली आणि शिडीला न भिणारी, हे तिने पावाच्या रांगेत ऐकलं. बाई का हवी होती ते सांगतो. रंगमंचावर माणूस उडवायचा तर दोर छतातल्या कप्पीवरून नेतात. एका टोकाला उडणारा, दुसऱ्या टोकाला तेवढंच वजन. वजन खाली आलं की माणूस वर जातो. त्यासाठी आमच्याकडे लोखंडी विटा होत्या. लढाईच्या दुसऱ्या वर्षी सरकारने लोखंड मागितलं. कुंपणं गेली, जिन्यांचे कठडे गेले, आमच्या विटा गेल्या. वाळू भरून वापरावी म्हटलं तर वाळूही गेली, खिडक्यांपुढे पोती रचायला. कामावर असलेल्या कारागिराला आपली हत्यारं ठेवायची मुभा होती. घरी बसलेल्याने ती जमा करायची. लोखंड दडवलं तर शिक्षा.

राहिलं काय, तर माणसाचं अंग. ते सरकारने अजून मागितलं नव्हतं, निदान बायकांचं नाही.

पडद्यामागच्या कामगारांचा प्रमुख म्हणजे आमचा मुकादम. बारीक, खोकणारा माणूस. त्याने आलेल्या बायकांना रांगेत उभं केलं आणि नाव न विचारता एकेकीला सामानाच्या काट्यावर चढवलं. धोंडाताई चढली तसा काट्याकडे बघून तो खूश झाला.

"बगळा आणि त्याच्यावर बसणारी पोरगी मिळून जेवढी भरतात, त्याहून तू थोडी जास्त आहेस. हेच पाहिजे. आमचा धोंडा सरकारने नेला, त्याच्या जागी तू."

"धोंडा म्हणा," ती म्हणाली, "पण पुढे ताई लावा."

नाव तिथेच पडलं. मुकादमाने लगेच अटही सांगितली. दर सोमवारी काटा. वजन उतरलं की काम गेलं.

नाटक होतं तळ्याखालच्या गावाचं. त्या गोष्टीशिवाय आमच्याकडे कुठलं मूल झोपत नसे. एक मुलगी तळ्यात वाकून बघते, तोल जाऊन तळाशी पोचते, तर तिथे उलटं गाव. मासे झाडांना दिव्यांसारखे लटकलेले, म्हातारे पाटी घेऊन शाळेत निघालेले, आणि झोपेला घाबरणारा एक बेडूकराजा. तो तिला सोडत नाही. शेवटी एक बगळा तिला पाठीवर घेऊन घरी आणतो, आणि ताटातलं तिचं जेवण अजून गरम असतं.

नाटक बसवणाऱ्या बाईंनी ही गोष्ट तळघरात आणली. वर बॉम्ब पडताहेत, खाली माणसं दडली आहेत, त्यांत ती मुलगी. छतातून ठिबकलेल्या पाण्याचं डबकं साचतं आणि ती त्यात वाकून बघते. मग तळघरातलीच माणसं त्या गावची होतात. आपल्या ट्रंकेवरून न उठणारा जाडा दुकानदार होतो बेडूकराजा. जखमी बघणारी नर्स माशांचे दिवे लावते. सगळं गाण्यातून. साथीला एक पियानो, एक ढोल आणि एक व्हायोलिन. बाईंनी घर मात्र काढून टाकलं होतं. बगळा मुलीला घेऊन वर जातो, शेवटचं गाणं होतं आणि पडदा पडतो. ती खाली येतच नाही. प्रेक्षकांतलं एखादं पोर हमखास विचारायचं, "पण ती जेवायला कधी येणार?" आई त्याला कोट चढवत असायची. 

रात्री दिवे लावायला बंदी, म्हणून प्रयोग दुपारी. तिकिटं उरत नसत.

आता धोंडाताईचं काम. विंगेत भिंतीला उभी शिडी, शिडीच्या वर लाकडी माळा. माळ्यावर तिच्या कमरेच्या पट्ट्याला दोर अडकवायचा. दुसऱ्या टोकाला वेताचा आणि कापडाचा बगळा, त्याच्या पाठीवर मुलगी. गाणं सुरू झालं की धोंडाताई शिडी उतरायला लागे आणि बगळा वर चढे. ढोलाच्या एका ठोक्याला एक पायरी. ठोका चुकला तर बगळा हिसका खाणार. बगळा खाली आणायचा तर ती शिडी चढे. दोर जोडलेला असताना चढण्या-उतरण्याला जोर फार लागत नाही, वजनं एकमेकांना पेलतात. तिथे ताबा लागतो. जोर लागतो तो मधल्या चढणीला. एका उड्डाणानंतर ती खाली राहिली असेल तर दोर खुंटीला बांधून सोडायचा, रिकामा बगळा आम्ही उतरवून घ्यायचो, आणि तिने पुढच्या उड्डाणासाठी स्वतःचं अंग स्वतः वर न्यायचं. एका प्रयोगात असं तीनदा. सुरुवातीला ती पळत चढायची. विटांशिवाय शिडी म्हणजे आराम आहे, म्हणायची.

तोंड कायम भिंतीकडे. नाटक तिने कधी बघितलं नाही. गाणी सगळी पाठ होती, पण बेडूकराजा दिसतो कसा ते तिने मला विचारून घेतलं.

"आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्यासारखा," मी सांगितलं.

"मग सोडणार नाहीच तो," ती म्हणाली.

मुलीला आम्ही पिसू म्हणायचो, कारण ती एका जागी ठरत नसे. अकरा वर्षांची. आवाज असा की शेवटच्या रांगेतले म्हातारेसुद्धा कानावरचा हात काढायचे. नाटक बघायला लष्करातले अधिकारी येत, पहिल्या रांगेत बसत, आणि जाताना पिसूसाठी काहीबाही देऊन जात. बिस्किटं, दुधाची पावडर, कधी चॉकलेट. पोरगी त्या हिवाळ्यात वाढली. हातपाय लांबले, गाल भरले. सगळं गाव सुकत होतं आणि हे एक पोर वाढत होतं. बघून बरं वाटायचं.

धोंडाताई सुकणाऱ्यांतली. पाव अर्ध्यावर आला होता, बटाटे मोजून मिळत. त्यातलं निम्म्याहून जास्त ती भावाला घालायची. जखम भरायची तर पोटात काही हवं, असं दवाखान्यातल्या बाईने सांगितलं होतं. भाऊ ताट परत सारायचा, तेव्हा ती म्हणायची, "मला नाटकगृहात जेवण मिळतं. पोटभर." नाटकगृहात आम्हाला कांद्याचं पाणी मिळायचं. त्यात कांदा शोधावा लागे.

काट्यावर मात्र ती दर सोमवारी बरोबर भरायची. थंडी होती, ती कोट घालूनच चढायची, कुणी काढ म्हणत नसे. मुकादमाने पिसूलाही एकदा काट्यावर घेतलं आणि कपाळाला हात लावला. पोरगी वाढली होती. शिवाय बाईंना बगळ्याचे पंख चमकायला हवे होते, म्हणून पंखांवर फुटक्या आरशांचे तुकडे शिवले होते. गावात त्या मालाला तोटा नव्हता. काच वजनदार असते. तिकडचं पारडं जड होत चाललं होतं.

"पोरीचं खाणं कमी करायला सांगतो तिच्या आजीला," मुकादम म्हणाला. "बिस्किटं बंद."

"मी करीन कमी," पिसू म्हणाली. ती तिथेच उभी होती. "मावशी, मी रात्रीचं नाही खात. चालेल?"

"खबरदार," धोंडाताई म्हणाली. मग मुकादमाकडे वळून, "वाढत्या पोरीच्या ताटातलं काढून माझं पारडं जड करायचं नाही. मला किती भरायला हवं तेवढं सांगा. पुढच्या सोमवारी भरीन."

"कुठून भरशील? खातेस काय असं?"

"ते माझ्यावर सोडा."

पुढच्या सोमवारी ती भरली. मुकादम काट्याकडे बघत राहिला, मग तिच्या चेहऱ्याकडे. गालाची हाडं वर आली होती. त्याने आकडा वहीत लिहिला. त्याच्याकडे दुसरी बाई नव्हती.

मला कळलं ते हात दिल्यामुळे. माळ्यावर पडद्यांचे दोर माझे, त्यामुळे मी वरच असायचो. ती आता पळत चढत नव्हती. मध्ये थांबायची, कपाळ शिडीला टेकवायची. एका दुपारी शेवटच्या पायरीवर ती अडकली म्हणून मी हात दिला आणि ओढलं, तर माझाच तोल गेला. एवढंसं तोंड झालेली बाई आणि वजन पोत्याचं. तिच्या कोटाचा घेर माझ्या नडगीला लागला. आत टणक काहीतरी होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काय असायचं? गवंड्याची हत्यारं." तिने कोट घट्ट धरला. "छिन्न्या, हातोडे, ओळंबा. पडक्या घरांतल्या थोड्या बिजागऱ्या. अस्तरात कप्पे शिवलेत."

"भावाची?"

"मग काय चोरून आणू? पलंगाखाली होती. जमा करायची राहिली."

मी तिला बसवलं. खाली तालमीचा पियानो चालू होता, कुणी ऐकणार नव्हतं. "मुकादमाला सांग," मी म्हणालो. "लोखंड आहे म्हणावं. माळ्यावर ठेवू, दोराला बांधू. तुला वाहावं लागणार नाही."

"आणि मग मला कशाला ठेवतील? लोखंडाला पगार द्यावा लागत नाही. शिवाय दडवलेलं, ते निराळंच."

"अगं, उतरताना ठीक आहे. दोराला लोखंड काय आणि मांस काय. पण प्रत्येक वेळी एवढं घेऊन वर चढतेस. पायात जोर कुठला राहणार? जोर हाडामांसात असतो. लोखंडात नुसतं वजन."

"मला शिकवू नका दादा. विटा वाहिल्यात मी." मग हळू आवाजात, "या महिन्याचा पगार आणि पुढच्याचा. मग पाय येतो. मग ही हत्यारं त्याची त्याला परत. तेवढे दिवस ओढायचेत."

मी कुणाला सांगितलं नाही. सांगून तिचं काम गेलं असतं. त्यानंतर मी शेवटच्या पायऱ्यांवर हात द्यायला तयार राहायचो, एवढंच.

घरी भावाला तिने काय सांगितलं होतं ते मला नंतर कळलं. हत्यारं नाटकात हवी आहेत, गवंड्याचं एक सोंग आहे, असं म्हणाली होती.

"ओळंबा कशाला लागतो सोंगाला?" त्याने विचारलं.

"खरा वाटायला."

"मग सांग त्यांना, हातोडा उजव्या हातात धरायचा. नाटकातले लोक काहीही धरतात."

त्याच महिन्याच्या अखेरची गोष्ट. प्रयोगाआधी बाई विंगेत आल्या, काचा नीट शिवल्या आहेत का बघायला. धोंडाताई शिडीच्या पायाशी बसली होती. ती सहसा बाईंशी बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"बाई, तिला खाली आणा की शेवटी. गोष्टीत येते ती खाली."

"कुठे आणू? घर कुठंय?"

"दाखवायचं एक. नाटकच आहे ना."

बाई दोऱ्याची गाठ बघत होत्या, बघत राहिल्या. "माझं होतं," त्या म्हणाल्या. "आता तिथे खड्डा आहे. रोज त्याच्यावरून येते. मला नाही दाखवता येत हो. मी करून बघितलं. तालमीत सगळी रडायला लागली, गाणंच होईना."

धोंडाताईने मान हलवली. "बरं," म्हणाली. "मग वर नेते."

त्या दिवशी पहिली दोन उड्डाणं नीट झाली. दुसऱ्यानंतर ती वर आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. मी पाणी दिलं. तिने घोट घेतला, दोर अडकवला, पट्टा दोनदा ओढून बघितला. शेवटचं गाणं सुरू झालं. ढोल, पायरी. ढोल, पायरी. मी वरून बघत होतो. समोर बगळा काचा चमकवत वर येत होता, पिसू त्याच्या मानेला धरून गात होती. ती दोन-तृतीयांश उंचीवर होती तेव्हा खाली धोंडाताईच्या कोटाचं अस्तर फाटलं.

आवाज मला आधी ऐकू आला. छिन्न्या फरशीवर पडल्याचा. मग हातोडे. एका कप्प्याची शिवण गेली की शेजारची जाते, सगळं ओळीने मोकळं झालं. क्षणात धोंडाताई हलकी आणि बगळा जड. दोराने तिला शिडीवरून उचललं. पाय सुटले, ती वर खेचली गेली आणि समोर बगळा खाली यायला लागला.

तिने पायरी धरायला हात टाकला. बोटं टिकली नाहीत. दुसऱ्या वेळी तिने हात दोन पायऱ्यांमधून कोपरापर्यंत आत घातला आणि वाकवला. दोराचा ओढा वर, हात शिडीत अडकलेला. कोपर मोडलं. तो आवाजही मी ऐकला. हात बाहेर काढला असता तर तिचं काही गेलं नसतं, ती माळ्यापर्यंत वर आली असती, तिला मी धरलं असतं. बगळा मात्र पिसूला घेऊन फरशीवर गेला असता. तिने हात काढला नाही.

मी शिडीने उतरलो म्हणण्यापेक्षा घसरलो. तिच्या कमरेला मिठी मारली आणि माझं सगळं अंग सोडून दिलं. दोघं मिळून बगळ्याहून जड झालो. "हळू," ती म्हणाली. "ठोक्यावर." ढोलवाल्याने ठोका सोडला नव्हता. आम्ही एकेक पायरी खाली गेलो, बगळा परत वर चढला. पिसू गातच होती. मागून तिला विचारलं, तर म्हणाली, "थांबले असते तर बाई ओरडल्या असत्या."

लोकांना वाटलं बगळा मुद्दाम डुबकी मारून वर गेला. टाळ्या पडल्या.

पण ओळंबा गोल असतो. तो फरशीवर पडला, कलंडला आणि विंगेतून गडगडत थेट रंगमंचाच्या पुढच्या दिव्यांपर्यंत गेला. पहिल्या रांगेत लोखंड जमा करणाऱ्या खात्याचा एक अधिकारी बायकोमुलांबरोबर बसला होता. त्याने वाकून तो उचलला. त्याच्या मुलाला खेळायला हवा होता.

तो माणूस वाईट नव्हता. प्रयोग संपल्यावर मागे आला, टोपी काढून. धोंडाताई फरशीवर भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर नको त्या बाजूला वळलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"हत्यारं कुणाची?"

"भावाची. गवंडी आहे."

"कामावर आहे?"

खोटं बोलायला तिला जमलं असतं. तिने फरशीवरच्या छिन्न्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "पाय नाही त्याला."

"म्हणजे कामावर नाही," अधिकारी म्हणाला. "पोरीला वाचवलंत, म्हणून शिक्षेचं मी काही बोलणार नाही. पण हे न्यावं लागेल." त्याच्या शिपायाने सगळं एका पोत्यात भरलं. बिजागऱ्यासुद्धा. ते पोतं उचलताना शिपायाला दोन हात लागले. तेव्हा मुकादम पहिल्यांदा बोलला. "हे घेऊन चढत होती," म्हणाला, कुणालाच नाही असं.

दवाखाना सैनिकांनी भरलेला. कोपर कुणी जोडलं नाही, नुसतं बांधलं. बरं झालं तेव्हा हात वाकलेलाच राहिला, ताट धरता येईल एवढा, त्याहून जास्त नाही. बगळा बंद झाला. बाईंनी शेवट बदलला. गाणं संपतं तेव्हा पिसू आता डबक्याशी उभी असायची आणि दिवे हळूहळू जायचे. पोरं तरीही विचारायची, ती जेवायला कधी येणार.

मुकादमाने तिला त्या महिन्याचा आणि पुढच्याही महिन्याचा पगार काढून दिला. पुढच्याचा कसा मिळवला ते त्याने सांगितलं नाही. मी तो घेऊन तिच्या घरी गेलो. तीन मजले. भाऊ खुर्चीत होता, ती खिडकीशी. पैसे ठेवले तशी ती म्हणाली, "झाले. पायाचे झाले."

"पाय घेऊन काय करू?" भाऊ म्हणाला.

"उभा राहा."

"उभा राहून काय करू? टाळ्या वाजवू? गवंड्याला हत्यारं लागतात ताई. ती तू नाटकाला वाहिलीस."

 मला वाटलं आता भांडण होणार, उठावं. पण तो चिडलेला नव्हता. विचार करून ठेवलेला होता त्याने.

"चांगल्या छिन्न्या आणि हातोडा आज बाजारात मिळत नाहीत," तो म्हणाला. "मिळतात त्या लपूनछपून, आणि एका पायाच्या किमतीला. मी विचारून घेतलंय, खालचा केस कापणारा आहे ना, त्याच्या मेव्हण्याकडून. दोन्ही नाही होणार. एकच होईल."

"पाय," ती म्हणाली.

"पाय असून हत्यार नसेल तर मी उभा राहून भीक मागणार. हत्यार असेल तर बसून दगड घडवीन. दगडाला माझे पाय लागत नाहीत. आणि दगडाला गिऱ्हाईक आहे सध्या."

कसलं गिऱ्हाईक ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. नदीकाठच्या नव्या दफनभूमीत लाकडी पाट्या लावत होते आणि एका पावसात त्यांवरची अक्षरं जात होती. लोकांना दगड हवे होते. पडक्या घरांच्या पायऱ्या, उंबरे, चौकटी, दगड फुकट पडलेला होता. घडवणारे लढाईवर गेले होते.

"परांचीवर चढायचा होतास तू," धोंडाताई म्हणाली.

"होतो," तो म्हणाला.

 तिने चांगल्या हाताने पैसे उचलले, मोजले नाहीत, कोटाच्या खिशात घातले. मला म्हणाली, "दादा, तुम्ही बरोबर चला. एका हाताने धार बघता येते, पण वजन नाही कळत."

मेव्हण्याने माल कोंबड्यांच्या खुराड्यामागे ठेवला होता. तिने एकेक छिन्नी अंगठ्यावर घेऊन बघितली, दोन परत केल्या, त्याने दुसऱ्या काढल्या. हातोडा मी हातात घेऊन सांगितलं, बरा आहे. भाव करायला तिने तोंड उघडलं नाही. सगळे पैसे दिले.

आणलं ते एवढं: तीन छिन्न्या आणि एक हातोडा. छिन्न्या चांगल्या होत्या. हातोड्याचा दांडा मात्र चिरलेला निघाला, तो मी घरून नवा बसवून दिला.